घरं रिसायकलिंगमध्ये का येतात, का गळतात: योजना चालवणाऱ्यांसाठी पायरी-पायरीनं

वस्तीत रिसायकलिंगची योजना सुरू करायची म्हणून बैठक बोलावली, की विरोध कुणीच करत नाही. सगळे माना डोलावतात, दोन-चार जण टाळ्याही वाजवतात. दोन महिन्यांनी पाहावं तर निम्मे डबे रिकामे आणि उरलेल्यांत बाटल्यांबरोबर खरकटंही. मग आयोजक वैतागून म्हणतात, "लोकांना पडलेलीच नाही." आणि जनजागृतीचं आणखी एक पत्रक छापायला टाकतात.

हे निदान बहुतेक वेळा चुकीचं असतं. लोकांना पडलेली असते. ते अडतात ते कुठल्या तरी फार छोट्या, फार ठरावीक जागी. रिकामी बाटली हातात आहे आणि ठेवायला जागा नाही. गाडी येते तेव्हा घरात कुणी नाही. हा डबा प्लास्टिकमध्ये की कागदात, ते कळत नाही. पुढच्या पायऱ्या ही अडण्याची जागा शोधून ती मोकळी करण्यासाठी आहेत. मनं वळवण्याचं काम त्यात आहे, पण बरंच पुढे.

पायरी १. आधी मोजा, आणि विचारून नव्हे तर पाहून

"तुम्ही रिसायकलिंग करता का?" असं विचारलं तर जवळपास सगळे हो म्हणतात. खोटं बोलायचं असतं असं नाही. आठवड्यापूर्वी एकदा केलेलं माणसाला "नेहमी करतो" असं आठवतं. म्हणून प्रश्नावली बाजूला ठेवा आणि गोळा करण्याच्या दिवशी सकाळी वही घेऊन फेरी मारा.

तीन आकडे हवेत. पहिला, सहभाग: सलग चार आठवड्यांत किमान एकदा तरी डबा बाहेर ठेवणारी घरं किती. एकाच दिवसाची मोजणी फसवी ठरते, कारण दोन माणसांच्या घराचा डबा भरायला पंधरा-वीस दिवस लागतात आणि ते घर "गैरहजर" दिसतं. दुसरा, एकूण वजन. तिसरा, भेसळ: रिसायकलिंगच्या ढिगातून काढून टाकावं लागतं ते किती. हा तिसरा आकडा बहुतेक योजना मोजतच नाहीत. सहभाग वाढला म्हणून पेढे वाटावेत आणि त्याच महिन्यात भेसळ दुप्पट झालेली असावी, असं सहज होऊ शकतं. ओल्या खरकट्यानं भिजलेला कागद कुणी घेत नाही, मग तो कितीही घरांतून आलेला असो.

एक पथ्य पाळा. घरनिहाय नोंद स्वतःपुरती ठेवा. कोणत्या घराच्या पिशवीत काय निघालं याची चर्चा जिन्यात सुरू झाली, की योजना तिथेच बसली.

पायरी २. न येणाऱ्यांचे तीन गट वेगळे करा

"न येणारे" हा एक गट नसतोच. काहींनी कधी सुरुवातच केलेली नसते. काहींनी सुरू करून सोडलेलं असतं. आणि काही करतात, पण चुकीचं करतात. तिघांचं औषध वेगळं आहे, आणि बहुतेक योजना तिघांनाही एकच पत्रक देतात.

मला विचाराल तर सर्वांत मोलाचा गट दुसरा, सोडून दिलेल्यांचा. त्यांची तयारी होती, म्हणजे मन वळवायचं काम झालेलं आहे. कुठलीतरी एक गोष्ट आडवी आली. ती शोधायची.

शोधताना "का सोडलंत?" असं विचारू नका. त्या प्रश्नानं माणूस लगेच बचावाला उभा राहतो आणि "वेळ मिळत नाही" हे तयार उत्तर देतो. त्याऐवजी विचारा, "शेवटचं कधी ठेवलं होतंत? त्या दिवशी काय झालं?" मग खरी गोष्ट बाहेर येते: गाडी आलीच नाही आणि डबा तीन दिवस दारात वास मारत राहिला, किंवा एका आठवड्यात डबा न उचलता त्यावर नुसतीच चिठ्ठी लावून गेले आणि नेमकं काय चुकलं ते कुणी सांगितलं नाही.

पहिल्या गटासाठी आणखी एक उपाय आहे. चार-पाच घरांत परवानगी घेऊन जा आणि म्हणा, "आत्ता एखादी रिकामी बाटली झाली तर ती कुठे जाईल, मला दाखवा." मग त्या माणसामागे चाला. ओट्यापासून बाहेरच्या डब्यापर्यंत किती पावलं, किती दारं, किती जिने, वाटेत चपला घालाव्या लागतात का, हे सगळं टिपा. तासाभराच्या या चालण्यातून जे कळतं ते शंभर भरलेल्या अर्जांतून कळत नाही.

पायरी ३. अंतर कमी करा

सगळ्या पायऱ्यांत ही सर्वांत भारी, म्हणून इथे जरा थांबतो.

ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनी कॅनडातल्या व्हँकुव्हरमध्ये इमारतींत एक साधा प्रयोग केला. ओल्या कचऱ्याचे डबे तळमजल्याऐवजी प्रत्येक मजल्यावर ठेवले. खत करण्यासाठी वेगळा निघणारा कचरा ७० टक्क्यांनी वाढला. विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात डबे तळघरातून खोल्यांच्या दारांपासून काही पावलांवर आणले, तर रिसायकलिंग १४७ टक्क्यांनी वाढलं. कुणालाही भाषण दिलेलं नव्हतं. डबा तेवढा सरकवला होता.

याच्याशी जुळणारा एक निष्कर्ष अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यातल्या फेअरफॅक्स काउंटीतून १९९५ साली प्रसिद्ध झाला. तिथे काही घरांना रिसायकलिंगचा डबा मिळाला होता, काहींना अजून मिळायचा होता. ज्यांच्याकडे डबा होता त्यांचा सहभाग वाढलेला होता, मग त्यांची पर्यावरणाविषयीची मतं काहीही असोत. माणसाच्या मतानं फरक पडत होता तो डबा नसलेल्या घरांत. म्हणजे गैरसोय असेल तर फक्त तळमळीचे लोक येतात. सोय केली की बाकीचेही येतात. आपल्या योजनेत तेच तेच वीस उत्साही चेहरे दिसत असतील, तर बाकीचे आळशी आहेत असं समजू नका. आपली वाट अवघड आहे, असा त्याचा अर्थ घ्या.

मग प्रत्यक्षात काय करायचं?

घराच्या आत बघा. बाहेरचा मोठा डबा सगळे देतात, आतला छोटा कुणी देत नाही. पण निर्णय होतो तो आत, ओट्याजवळ, हात ओले असताना. नेहमीच्या कचऱ्याच्या डब्याला अगदी चिकटून दुसरा डबा किंवा पिशवी असली पाहिजे. ती दुसऱ्या खोलीत असली तर निम्म्या वस्तू वाटेतच चुकीच्या डब्यात पडतात. जागा कमी असलेल्या घरांत दाराला मागून अडकवायची पिशवी चांगली चालते. न्हाणीघरातल्या शाम्पूच्या बाटल्या हा एक विसरलेला प्रांत आहे. तिथे दुसरा डबा जवळजवळ कुणाकडेच नसतो.

दोन्ही डबे एकाच ठिकाणी ठेवा. कचऱ्याचा डबा दाराशी आणि रिसायकलिंगचा रस्त्याच्या टोकाला अशी मांडणी असेल तर रिसायकलिंग ही शिक्षा होते. गोळा करण्याचा वारही शक्यतो एकच असावा. "मंगळवारी हे, शुक्रवारी ते, महिन्यातून एका शनिवारी काच" असं वेळापत्रक कार्यालयाला सोयीचं असतं, घराला नाही.

झाकणाचं भोक. ही गंमत वाटेल, पण एका अभ्यासात डब्यांना खास आकाराची झाकणं बसवली होती: बाटली-डब्यांसाठी गोल भोक, कागदासाठी अरुंद फट. तेवढ्यानं डबे-बाटल्या वेगळ्या पडण्याचं प्रमाण ३४ टक्क्यांनी वाढलं आणि भेसळ ९५ टक्क्यांनी घटली. हात भोकापाशी क्षणभर थांबतो आणि तेवढ्यात डोकं चालतं. सामाईक डब्यांना हा उपाय लगेच करता येतो, खर्चही फारसा नाही.

आणि गाडीची वेळ. ती पाळली गेलीच पाहिजे. एक चुकलेली फेरी दहा पत्रकांचं काम धुऊन टाकते.

पायरी ४. नियम छाटा

संभ्रम झाला की माणूस दोनपैकी एक करतो: सगळं साध्या कचऱ्यात टाकतो, किंवा "होत असेल बहुधा" म्हणत सगळं रिसायकलिंगमध्ये ढकलतो. दुसरा प्रकार जास्त घातक, कारण तो सद्भावनेनं होतो आणि चांगला मालही सोबत घेऊन बुडतो.

संभ्रमाचं एक मोठं मूळ म्हणजे प्लास्टिकवरचा त्रिकोण आणि त्यातला १ ते ७ पैकी एक आकडा. हे आकडे १९८८ साली प्लास्टिक उद्योगाच्या अमेरिकी संघटनेनं आणले. प्लास्टिक कोणत्या जातीचं आहे एवढंच ते सांगतात. ते तुमच्या योजनेत घेतलं जातं का, याचा त्यात काही पत्ता नसतो. लोक मात्र बाणांचा त्रिकोण पाहून "घेतात" असंच समजतात. म्हणून नियमांत आकडे लिहूच नका, वस्तू दाखवा. पाण्याची बाटली, दुधाचा कॅन, खोका, वर्तमानपत्र, पत्र्याचा डबा, यांचे फोटो. आणि "नाही" च्या बाजूला प्रत्यक्ष मोजणीत सर्वांत जास्त सापडलेल्या चार-पाच वस्तू. जगातल्या सगळ्या वस्तूंची यादी नको. तुमच्या ढिगात जे चुकीचं येतंय तेवढंच पुरे.

डोळ्यांना न दिसणारा आणखी एक गोंधळ आहे. प्रयोगांत आढळलंय की वस्तू आकार हरवून बसली, म्हणजे डबा चेपला, कागदाचे कपटे झाले, की तीच वस्तू लोकांना "कचरा" वाटू लागते आणि ते ती टाकून देतात. अख्खा कागद रिसायकलिंगमध्ये आणि त्याचेच तुकडे केरात. चेपलेल्या डब्याचा फोटो पत्रकावर मुद्दाम टाका. (कागदाचे फार बारीक तुकडे काही केंद्रं खरोखरच घेत नाहीत. आधी विचारून घ्या.)

"स्वच्छ धुवा" या नियमानं कितीतरी जण गळतात. घासून चकाकवायची गरज नसते. रिकामी करून एकदा विसळली की पुरते. तसंच लिहा: "रिकामी करा, विसळा, टाका."

आता कुणी म्हणेल, जपानमधल्या कामिकात्सूमध्ये तर चाळीसहून जास्त प्रकारांत वर्गीकरण होतं आणि सुमारे ८० टक्के कचरा रिसायकल होतो, मग आपण नियम का छाटायचे? खरंय. पण ते दीड हजारांच्या आसपास वस्तीचं गाव आहे, २००३ मध्ये शून्य कचऱ्याची घोषणा करून ते या वाटेला लागलं. लोक आपला कचरा स्वतः केंद्रावर नेतात आणि तिथे कुठली वस्तू कुठे जाते ते सांगणारं माणूस हजर असतं. किचकट नियम चालतात, पण विचारायला कुणीतरी समोर उभं असेल तर. पत्रकाच्या भरवशावर इतके प्रकार कुठेच चालणार नाहीत.

पायरी ५. शेजाऱ्यांचं काम शेजाऱ्यांना करू द्या

सोय झाली, नियम सोपे झाले. आता मन वळवण्याची वेळ. इथेही उपदेशाचा पगडा फारसा बसत नाही. शेजारच्या दारात काय ठेवलंय, याचा बसतो.

१९९१ साली अमेरिकेत दोन वेगवेगळ्या अभ्यासांनी एकच गोष्ट दाखवली: गल्लीतलाच एखादा रहिवासी, जो स्वतः रिसायकलिंग करतो, तो दारोदार जाऊन बोलला तर नुसत्या छापील पत्रकापेक्षा सहभाग जास्त वाढतो. माणूस निवडताना वक्ता शोधू नका. ज्याला लोक किल्ली ठेवायला देतात असा शेजारी शोधा. एका माणसाकडे पंधरा-वीस घरांपेक्षा जास्त देऊ नका, नाहीतर तोच थकून पहिला बाहेर पडेल.

त्याला दारात बोलायचं वाक्यही द्या. "पर्यावरण वाचवा" नको. "आमच्या मजल्यावरच्या बाराजणांनी सुरू केलंय, तुम्हाला दुसरा डबा आणून देऊ का?" यात तीन गोष्टी होतात. शेजारी करताहेत हे कळतं, अडचण दूर होते आणि उत्तर हो-नाहीत देता येतं. हो म्हटलं की माणूस आपल्या शब्दाला बांधला जातो.

दुसरं साधन म्हणजे आकडा परत सांगणं. कॅलिफोर्नियातल्या ला व्हर्न गावात सुमारे ६०० घरांवर केलेला प्रयोग १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. काही घरांच्या दाराला दर आठवड्याला पट्टी अडकवली जायची. कुणाच्या पट्टीवर त्या घरानं किती दिलं ते, कुणाच्या पट्टीवर परिसरातल्या किती घरांनी दिलं ते. नुसती विनंती किंवा माहिती मिळालेल्या घरांत तसा ठळक फरक पडला नाही. हे आकडे मिळालेल्या घरांत मात्र रिसायकलिंग वाढलं.

मात्र हे शस्त्र दुधारी आहे. "आपल्या वस्तीत अजून ७० टक्के घरं रिसायकलिंग करत नाहीत, लाज वाटली पाहिजे!" असा फलक लावणारे आयोजक लोकांना नेमकं काय सांगतात? की न करणं हीच इथली रीत आहे. सहभाग कमी असेल तर टक्केवारी सांगू नका, वाढ सांगा: "गेल्या महिन्यात आणखी अठरा घरं आली." आणि सरासरीपेक्षा चांगलं करणाऱ्यांना नुसती सरासरी कळवली तर ते सैल पडतात. विजेच्या वापरावरच्या २००७ च्या एका अभ्यासात असंच झालं होतं, आणि आकड्याशेजारी एक हसरा चेहरा काढल्यावर ते थांबलं. दोन शब्दांचं कौतुक पुरतं.

पायरी ६. पैशाचा वापर जपून

बक्षिसांचा मोह सगळ्यांना होतो. सोडती, कूपन, स्पर्धा यांनी सुरुवातीला उसळी येते. बक्षीस थांबलं की बऱ्याचदा तीही थांबते. सुरुवातीचा धक्का द्यायला ठीक, रोजचं इंजिन म्हणून नाही.

पिशवीमागे पैसे घेण्याची पद्धत वेगळी आणि जास्त जोरकस. दक्षिण कोरियानं १९९५ पासून ती देशभर लावली: कचऱ्यासाठी ठरावीक पिशव्या विकत घ्यायच्या, रिसायकलिंग मात्र फुकट न्यायचं. पण अमेरिकेतल्या शार्लट्सव्हिल शहरातल्या अशाच योजनेचा १९९६ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास वाचण्यासारखा आहे. पिशव्यांची संख्या ३७ टक्क्यांनी घटली, पण वजन फक्त १४ टक्क्यांनी. लोक पिशवीत कचरा कोंबून भरत होते! रिसायकलिंगचं वजन १६ टक्क्यांनी वाढलं खरं, पण संशोधकांच्या अंदाजानं घटलेल्या कचऱ्यापैकी २८ टक्के भाग कुठेतरी गुपचूप फेकला गेला असू शकतो. तेव्हा असं शुल्क लावण्याआधी आसपासचे मोकळे कोपरे आणि दुसऱ्यांचे डबे यांवर लक्ष ठेवायची तयारी करा. लहान संस्थेला हा अधिकारही बहुधा नसतो.

बाटलीवर अनामत ठेवून ती परत आणल्यावर पैसे देण्याची पद्धत (अमेरिकेत ऑरेगॉननं १९७१ मध्ये कायदा केला, जर्मनीत एकदाच वापरायच्या बाटल्या-कॅनवर २००३ पासून आहे) फार परिणामकारक आहे, पण तो सरकारचा विषय. तुमच्या भागात ती लागू झाली तर एक लक्षात ठेवा: सर्वांत किमती माल, म्हणजे अॅल्युमिनियमचे कॅन, तुमच्या डब्यातून नाहीसे होतील. वजन घटलं म्हणून घाबरू नका.

पायरी ७. "शेवटी सगळं एकाच गाडीत जातं"

हे वाक्य तुम्ही ऐकलं नसेल तर अजून कुणी मोकळेपणानं बोललेलं नाही. या अफवेइतकी मारक गोष्ट दुसरी नाही, आणि कधीकधी ती अफवा नसते. त्यामुळे आधी स्वतः गाडीमागे जाऊन या. माल कुठे उतरतो, कोण घेतो, काय परत पाठवतो ते पाहा. चीननं २०१८ मध्ये परदेशी प्लास्टिक कचरा आणि अनेक प्रकारचा कागद घेणं बंद केलं, तेव्हा कितीतरी देशांतल्या योजनांना आपला माल नेमका कुठे जात होता ते पहिल्यांदा नीट कळलं.

एकाच गाडीत आत दोन कप्पे असतील तर ते गाडीवर बाहेरून मोठ्या अक्षरांत लिहा. बाहेरून दिसत नाही म्हणूनच शंका येते. महिन्यातून एकदा काय गेलं, कुठे गेलं आणि किती नाकारलं गेलं, हे चार ओळींत फलकावर लावा. नाकारलेल्याचा आकडा लपवू नका. तो दिसला की बाकीच्या आकड्यांवर विश्वास बसतो. एखादा प्रकार घेणारा कुणी उरला नसेल तर तो यादीतून सरळ काढा आणि कारण सांगा.

पायरी ८. घर म्हणजे एक माणूस नव्हे

बैठकीला जो येतो तो बहुधा डबा उचलत नाही. घरातलं वर्गीकरण करतं कोण? कुठे आजी, कुठे मुलगा, कुठे कामाला येणारी व्यक्ती. माहिती त्यांच्यापर्यंत पोहोचली नाही तर मालकानं दिलेला शब्द ओट्यापर्यंत पोहोचत नाही. चित्रांचं पत्रक फ्रिजवर नको, डब्याच्या झाकणावर चिकटवा. वाचता न येणाऱ्यालाही ते कळलं पाहिजे.

नव्यानं राहायला आलेल्यांना पहिल्याच आठवड्यात गाठा. घर बदललं की जुन्या सवयी सुटलेल्या असतात आणि नव्या अजून बसलेल्या नसतात. त्या फटीत डबा हातात दिला तर तो घरातच राहतो. महिन्यानंतर गेलात तर तुम्हाला एका पक्क्या सवयीशी भांडावं लागेल. भाडेकरू वारंवार बदलणाऱ्या इमारतीत हे काम कायमचं आहे, एखाद्या मोहिमेत ते उरकत नाही. ज्यांना जिना उतरवत नाही त्यांच्यासाठी शेजाऱ्यानं डबा नेण्याची व्यवस्था लावा. बोलून ठरवा, गृहीत धरू नका.

आणि हे सगळं एकदम करू नका

एक गल्ली किंवा एक इमारत निवडा. तशीच दुसरी, जिथे काहीही बदलायचं नाही. चार आठवडे दोन्हीकडे मोजा. मग पहिल्या ठिकाणी एकच बदल करा, शक्यतो तिसऱ्या पायरीतला, आणि पुन्हा चार आठवडे मोजा. दोन्हीकडे सारखीच वाढ झाली तर ती तुमच्या बदलामुळे नाही, कशामुळे तरी दुसऱ्याच झाली. फक्त पहिल्या ठिकाणी झाली तर तो बदल सगळीकडे न्या आणि पुढचा हाती घ्या. हे संथ वाटतं. पण आठ बदल एकदम केले आणि सहभाग वाढला, तर पुढच्या वर्षी पैसे कमी पडल्यावर कोणते दोन ठेवायचे, हे कोण सांगणार?

काही घरं शेवटपर्यंत येणार नाहीत. त्यांच्या दारी तिसऱ्यांदा स्वयंसेवक पाठवू नका. तोच तास चुकीचं टाकणाऱ्या घरांना द्या. त्यांची तयारी आहे, फक्त कुणीतरी डब्यातली एक वस्तू हातात धरून "ही इथे नाही, तिथे" असं सांगायला हवंय.

वर्षभरानं आकडा घसरला तर नवं पत्रक छापण्याआधी चालकाला विचारा, गाडीची वेळ बदलली का. बऱ्याचदा ती वीस मिनिटं आधी यायला लागलेली असते.